भुसावळहून परळला: नानांची फाईल, तिकीट आणि डबा

समजा, तुमच्या गल्लीतले नाना. गालाच्या आतली जखम दोन महिने भरली नाही, तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘टाटा, परळ’ लिहून दिलं. मुलगा बाहेरगावी नोकरीला, वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, आणि सगळे तुमच्याकडे बघताहेत, कारण तुम्हाला मुंबईची थोडी माहिती आहे. घाबरू नका. उपचार डॉक्टर करतील. तुमच्याकडे तीनच कामं आहेत: फाईल, तिकीट आणि डबा. चला, टेबलापाशी बसा, एकेक उरकू.

साहित्य: जाड पुठ्ठ्याची एक फाईल, पारदर्शक प्लास्टिकचे वीसेक खिसे, साधी वही, पेन, मार्कर, झाकणाचा छोटा प्लास्टिकचा डबा, थोडा कापूस, रबरबँड, कापडी पिशवी, थर्मामीटर, मोबाईल आणि त्याचा चार्जर. स्टेपलर नको. का ते पुढे कळेल.

टेबलावर

१. टेबल पूर्ण मोकळं करा. चहाचा कप खाली ठेवा. एक थेंब सांडला की रिपोर्टवरचा शिक्का पुसट होतो.

२. नानांना शेजारच्या खुर्चीत बसवा. ‘त्यांना काही सांगू नका’ असं कुजबुजणारा एक तरी नातेवाईक घरात असतोच. परळला पाटीपाटीवर ‘कॅन्सर’ हा शब्द लिहिलेला आहे, नाना वाचणारच. तिथे पाटी वाचून कळण्यापेक्षा इथे आपल्या माणसांत, आपल्या डॉक्टरांच्या तोंडून कळलेलं बरं.

३. घरातले सगळे कागद आणा. कपाट, गादीखाली, देव्हाऱ्यामागे, मेडिकलवाल्याच्या पिशव्यांत, सगळीकडे बघा. ‘हा जुना आहे’ म्हणून काही फाडू नका. जुन्या कागदावरूनच डॉक्टरांना आजाराची चाल कळते.

४. कागदांचे तीन ढीग करा: ओळखीचे (आधार, रेशनकार्ड, फोटो), आजाराचे (रिपोर्ट, चिठ्ठ्या), पैशांचे (बिलं, पावत्या). एखादा कागद कुठला ते कळत नसेल तर आजाराच्या ढिगात टाका.

५. आजाराचा ढीग तारखेने लावा, जुना खाली, नवा वर. फक्त तारीख बघा. रिपोर्ट वाचत बसलात तर संध्याकाळ होईल आणि मोबाईलवर एकेक शब्द शोधून सगळं घर घाबरून जाईल.

६. बायोप्सीचा रिपोर्ट शोधून सगळ्यात वर ठेवा. तो सापडत नसेल तर इथेच थांबा. ज्या लॅबने केला तिथून दुसरी प्रत आणा आणि मगच पुढे जा.

७. त्याच लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ही पायरी नव्वद टक्के लोक विसरतात असं माझं मत आहे. मोजलेलं नाही, पण पैज लावायला तयार आहे. ब्लॉक म्हणजे काढलेला तुकडा ज्यात बसवलेला असतो ती मेणाची वडी, आणि स्लाइड म्हणजे काचेची पट्टी. मोठं रुग्णालय नुसत्या कागदावर विसंबत नाही, तो तुकडा स्वतः पुन्हा तपासतं. रिकाम्या हाताने गेलात तर ‘ब्लॉक घेऊन या’ ऐकून परत साडेचारशे किलोमीटर. लॅबवाले सही घेतात, कधी एक-दोन दिवस लावतात, म्हणून हे काम आजच सुरू करा.

८. ब्लॉक आणि स्लाइड कापसात गुंडाळून छोट्या डब्यात ठेवा. वर मार्करने नानांचं नाव आणि लॅबचा नंबर लिहा. सावधान: ते मेण आहे. मे महिन्यात आपल्या भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर विचारूच नका. डबा डिकीत ठेवायचा नाही, खिडकीच्या उन्हातही नाही.

९. सीटी किंवा एमआरआयच्या फिल्म त्यांच्या मोठ्या पाकिटातच राहू द्या. घडी घालू नका, गुंडाळी करू नका. सीडी दिली असेल तर ती त्याच पाकिटात.

१०. रिपोर्ट प्लास्टिकच्या खिशांत घाला. स्टेपलर नको म्हटलं ते यासाठी: काउंटरवर प्रत्येक जण कागद सुटा मागतो, आणि पिन उपटताना नेमका शिक्क्याचा कोपरा फाटतो. मूळ कागद लॅमिनेटही करू नका, त्यावर सही-शिक्का घेता येत नाही.

११. वहीच्या पहिल्या पानावर आजाराची हकीकत लिहा, एका पानाच्या वर नाही. अशी: ‘वय ६२. तंबाखू चाळीस वर्षं. जखम पहिल्यांदा दिसली कधी. दातांच्या डॉक्टरांकडे कधी. बायोप्सी कधी. वजन किती उतरलं.’ नानांना विचारून लिहा, अंदाजाने नको. ओपीडीत तुम्हाला काही मिनिटंच मिळतील. त्या गर्दीत आपला बोलका माणूससुद्धा नेमकं मुद्द्याचं विसरतो.

१२. दुसऱ्या पानावर चालू औषधांची यादी करा. बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी, सगळं. पाकिटावरचं नाव आणि गोळीची ताकद जशीच्या तशी उतरवा. ‘सकाळची पांढरी गोळी’ असं लिहिलंत तर त्या पानाचा उपयोग शून्य. एखाद्या औषधाने अंगावर पुरळ येत असेल तर ते लाल पेनाने.

१३. आधार, रेशनकार्ड आणि बायोप्सी रिपोर्ट शेजारी ठेवून नाव जुळवा. एकावर ‘नाना’, दुसऱ्यावर ‘ज्ञानेश्वर’, तिसऱ्यावर आडनावाची वेलांटी निराळी, हे आपल्याकडे घरोघरी आहे. आत्ता सापडलं तर आठवड्यात दुरुस्त होतं. ऐन मंजुरीच्या वेळी सापडलं तर ऑपरेशनची तारीख पुढे जाते.

१४. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या १५५३८८ या नंबरवर फोन लावा. हा लागला नाही तर १८०० २३३ २२००. कॅन्सरचे उपचार योजनेत बसतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. विचारायचं एवढंच: आमच्या आजारासाठी कुठली रुग्णालयं योजनेत आहेत, कागद कोणते लागतील. सावधान: मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. आधी पैसे भरून मागून योजना मागणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही.

१५. नाना रेल्वेतून रिटायर झाले असतील तर आधी भुसावळच्या रेल्वे हॉस्पिटलात जाऊन रेफरल घ्या. आपल्या गावात हे अर्ध्या घरांना लागू पडेल. पेन्शनरचं वैद्यकीय कार्ड सोबत न्या. रेफरलशिवाय परस्पर गेलात तर बिलाची मारामारी तुमच्या गळ्यात. दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी झाली असेल तर तिथल्या कार्यालयात हाच प्रश्न विचारा.

१६. सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा. एक संच फाईलमध्ये, एक वहिनींपाशी घरी.

१७. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढा आणि मुलाला पाठवा. घरच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. तासाभरात जिभाऊंपासून मावसभावापर्यंत सगळे हळदीचे उपाय पाठवायला लागतील.

तिकीट

१८. पोचायचा दिवस सोमवार ते बुधवारमधला ठरवा. शुक्रवारी पोचलात तर तपासण्या सुरू होतात न होतात तोच शनिवार-रविवार येतो आणि मुंबईत राहण्याचा खर्च फुकट वाढतो.

१९. दादरला थांबणारी रात्रीची गाडी निवडा. विदर्भ, अमरावती अशा गाड्या आपल्याकडून रात्री निघून सकाळी मुंबईत पोचवतात. बारानंतर सुटणारी गाडी असेल तर तारीख नीट बघा: मंगळवारच्या रात्री साडेबाराची गाडी म्हणजे तिकिटावर बुधवार. या एका घोळापायी कितीतरी जण आपल्या जंक्शनवर हातात कालचं तिकीट घेऊन उभे राहिले आहेत.

२०. आरक्षणाच्या खिडकीवर जाऊन दोन तिकिटं काढा, नानांना खालचा बर्थ मागा. पहिल्या फेरीला पूर्ण भाडं द्यायची तयारी ठेवा. सवलतीसाठी कॅन्सर रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा, रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, आणि तो बहुतेकांना तिथे गेल्यावरच मिळतो. दाखल्याची वाट बघत पहिली फेरी लांबवू नका.

२१. परतीचं तिकीट आत्ता काढू नका. तपासण्या किती दिवस चालतील ते तिथेच कळेल.

डबा आणि पिशवी

२२. नानांचा डबा मऊ ठेवा: मुगाची पातळ खिचडी, वर तूप. आपली शेवभाजी आणि ठेचा या फेरीला घरीच. जखमेला तिखट लागलं की नाना जेवण बंद करतात, आणि रिकाम्या पोटाचा पेशंट दुपारपर्यंत रांगेत टिकत नाही.

२३. चार केळी घ्या. रावेर-यावलच्या शेजारी राहतो आपण, मुंबईत विकत कशाला घ्यायची? सोलून खायचं फळ म्हणून स्वच्छही. शुगर असेल तर मात्र किती खायची ते डॉक्टरांना विचारून.

२४. नानांच्या खिशातली पुडी काढा. त्यांना विचारून काढा, हिसकावू नका. चोरून काढलेली पुडी स्टेशनच्या टपरीवर पुन्हा मिळते. फार तगमग झाली तर १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडवणारा मोफत नंबर आहे. आणि सोबत निघालेल्या माणसा, तुझ्याही खिशात असेल तर ती इथेच ठेव.

२५. फाईल आणि ब्लॉकचा डबा कापडी पिशवीत घाला. ही पिशवी प्रवासभर तुमच्या खांद्यावर. बर्थखाली ढकलायची नाही, झोपताना उशाशी घ्यायची.

उतरल्यावर

२६. दादरला उतरा. झोप लागली आणि गाडी सीएसएमटीला गेली तरी बिघडत नाही, पण पेशंटला उलटा प्रवास होतो. पहाटेचा गजर लावाच.

२७. स्टेशनबाहेर टॅक्सी करा. रिक्षा शोधत फिरू नका. दादर-परळ भागात रिक्षा चालतच नाहीत, आणि आपला खान्देशी माणूस पहिली पंधरा मिनिटं त्यातच घालवतो. ‘टाटा हॉस्पिटल, परळ’ म्हणा आणि मीटर टाकायला सांगा.

२८. थेट नवीन रुग्णांच्या नोंदणीला जा. दाराबाहेर ‘लवकर नंबर लावून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर हात जोडा आणि पुढे चला.

२९. नोंदणीच्या वेळी जनरल की प्रायव्हेट ते सांगा. गाडीतच घरच्यांशी फोनवर बोलून ठरवून ठेवा. हिशेब आजच्या फीचा करू नका, पुढच्या सहा-आठ महिन्यांचा करा.

३०. मिळालेला केस नंबर लगेच वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. इथून पुढे नाव कोणी विचारत नाही, नंबरच विचारतात.

३१. ब्लॉक-स्लाइड जमा करून पावती घ्या. पावती फाईलच्या पहिल्या खिशात. ब्लॉक परत घ्यायला तीच लागते.

३२. डॉक्टरांपुढे वहीचं पहिलं पान उघडून ठेवा. बोलू नानांना द्या. तुम्ही मध्ये पडायचं ते फक्त तारीख चुकली तर.

३३. हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या: आजार कितपत पसरला आहे? उपचार कोणते, कोणत्या क्रमाने? एकूण किती दिवस? यातलं काय आमच्या घराजवळ होऊ शकेल? चौथा प्रश्न गिळू नका. रेडिएशन म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, बऱ्याचदा सहा-सात आठवडे. तेवढे दिवस मुंबईत काढणं सगळ्यांना झेपत नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, नाशिकला सोयी आहेत. डॉक्टरांनी तिकडे करा म्हटलं तर त्यात कमीपणा नाही; उपचाराची आखणी लिहून घ्या आणि आनंदाने तिकडे करा.

३४. समाजसेवा विभागाची खोली गाठा. राहायची सोय, पैशांची मदत, योजनेचे कागद, सगळ्याची वाट इथून जाते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती पेशंट-नातेवाइकांच्या राहण्यासाठीच चालतात. खोली मोकळी आहे का आणि चिठ्ठी लागते का ते इथेच विचारा. संध्याकाळपर्यंत थांबू नका. अंधार पडल्यावर दामदुप्पट भाड्याची लॉज घ्यायची वेळ येते.

३५. निघण्याआधी रेल्वे सवलतीचा दाखला सही-शिक्क्यासह घ्या. याने स्लीपर आणि थ्री टियर एसीत पेशंटचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. दाखल्यावर ‘भुसावळ’ आणि ‘मुंबई’ दोन्ही नावं बरोबर आहेत का ते खिडकीवरून हलण्याआधी वाचा.

३६. दाखला दाखवून परतीचं तिकीट स्टेशनच्या खिडकीवर काढा. तत्काळमध्ये सवलत मिळत नाही. आणि गाडी कुठून सुटते ते दोनदा वाचा: आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या सीएसएमटीवरून नाही, कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटतात. दादरला उभं राहून गाडी चुकवणाऱ्यांत आपला नंबर नको.

घरी परतल्यावर

३७. पुढची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे तारीख हातात असेल तर दुसऱ्याच दिवशी खिडकीवर जा.

३८. थर्मामीटर नानांच्या उशाशी ठेवा. केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच तासाला डॉक्टर. ‘सकाळी बघू’ चालत नाही, आणि परस्पर क्रोसिन देऊन ताप लपवायचाही नाही.

३९. गल्लीतल्या सहा घरांना सहा कामं वाटून द्या. कोणी डबा, कोणी मेडिकल, कोणी वहिनींना तासभर झोपू देण्यासाठी बसायला. ‘काही लागलं तर सांगा’ हे काम धरायचं नाही; वार आणि वेळ ठरवून घ्या.

४०. भेटायला येणाऱ्यांना दारातच दोन गोष्टी सांगा. नानांचं ताट वेगळं ठेवायची गरज नाही, कॅन्सर शिवल्याने होत नाही. आणि ‘तंबाखू खाल्ला म्हणूनच झालं ना’ हे वाक्य उंबऱ्याबाहेर. नानांना ते तुमच्या आधीपासून माहीत आहे.

४१. नानांसारखं दुसऱ्या कोणाचं होऊ नये म्हणून एका रविवारी संध्याकाळी गल्लीतल्या पुडी खाणाऱ्या सगळ्यांना तोंड बघायला ओट्यावर बोलवा. भाषण ठेवू नका. भाषण म्हटलं की ते येत नाहीत. चहा म्हटलं की येतात.

४२. प्रत्येकाला चूळ भरायला लावा.

४३. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर त्याचं नाव वहीत.

४४. मोबाईलच्या टॉर्चने ओठांच्या आतून सुरू करून दोन्ही गाल, हिरड्या, जीभ, जिभेखाली, टाळू अशा क्रमाने बघा. शोधायचं काय? पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल डाग, गाठ, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम. बोट घालून खरवडू नका, तुमचं काम फक्त बघायचं.

४५. मानेला दोन्ही बाजूंनी हात लावून गाठ आहे का बघा.

४६. बायकांची बैठक वेगळी, घरात, आशाताईंना बोलावून घ्या. स्तनातली गाठ, पाळी गेल्यावर किंवा अधेमधे होणारा रक्तस्राव, हे बायका ओट्यावर बोलणार नाहीत. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते; कुठल्या दिवशी जायचं ते आशाताई सांगतील.

४७. वहीतल्या नावांपुढे डॉक्टरकडे जायचा वार लिहा. ‘सोमवारी जातो’ असं तो म्हणेल. सोमवारी सकाळी नऊला त्याच्या दारात स्कूटर घेऊन तुम्हीच उभे राहा.